घाटावर कुलर लागत नाही

आमच्या बुलढाण्याच्या म्हाताऱ्यांना दोन गोष्टींचा भारी गर्व. एक म्हणजे आपण घाटावर राहतो, आणि दुसरी म्हणजे बाकीचे घाटाखाली राहतात. माझे बाबा या लोकांचे पुढारी. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते आणि त्यांच्यासारखेच काही पेन्शनर रोज संध्याकाळी घाटाच्या तोंडापर्यंत चालत जायचे, कठड्यावर बसायचे आणि खालचा धुरकट पिवळा मुलूख पाहून हळहळायचे. "काय जगत असतीन बाप्पा लोकं!" हळहळ कसली, चांगले खूश व्हायचे.

एप्रिल लागला की टीव्हीवर हवामान सांगणारी बाई म्हणायची, विदर्भात उष्णतेची लाट येणार. बाबा तिच्यावरच डाफरायचे. "विदर्भ म्हंजे खालचा. आमचं नाव काऊन घेऊन राह्यली?" मग मी त्यांच्यापुढे मोबाईल धरायचे. त्यात ठळक अक्षरात बुलढाणा आणि खाली चाळिशी ओलांडलेला आकडा. ते मोबाईल हातात घ्यायचे, त्याची पाठ चाचपायचे. "हे पाह्य, मोबाईलच तापला. त्याले काय समजते हवामान?" आता यावर काय बोलणार, कपाळ!

एकेकाळी त्यांचं खरंही असेल. त्यांच्या तरुणपणी म्हणे मे महिन्यातही पहाटे गोधडी ओढावी लागायची. पण आता झाडं गेली, रस्ते सिमेंटचे झाले, आमच्या घरावर कौलांच्या जागी स्लॅब आला. दुपारी तो तव्यासारखा तापतो, आणि त्याखाली आई. पंखा आहे, पण तो गरम हवाच ढवळत बसतो.

आईला एक कुलर हवा होता. सोनं नको, नाणं नको, काशीयात्रा नको. "अवो, एक कुलर घ्या न," ती दरवर्षी होळी झाली की म्हणायची. बाबांचं उत्तर ठरलेलं, "घाटावर कुलर लागत नाई." पैशाची अडचण नव्हती. मी आणि माझ्या नवऱ्यानं आणून देतो म्हटलं, तर म्हणाले, दारातूनच परत पाठवीन. माझं सासर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे भांडायला मी रोज हजर. एकदा तर मी त्यांना तोंडावर हट्टी म्हातारा म्हटलं. "हाव, आहो," असं म्हणून त्यांनी पेपरची घडी केली आणि स्वतःला वारा घालत बसले.

यंदा मात्र कणीक मळता मळता आईला भोवळ आली. मी धावत गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती, तोंड लालबुंद, हात कणकेनं भरलेले. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास आहे, वय झालंय, यांना थंडाव्यात ठेवा, पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल. बाबांचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, चला, आता तरी अक्कल आली. आणि हा माणूस बाजारातून काय घेऊन आला? माठ! चांगला मोठा काळा माठ! माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी आईनं पिशवी भरली. "मी खामगावले चालली, भावाकडं."

खामगावला! ऐन उन्हाळ्यात! तिकडचे पाहुणे सुट्टीत आमच्याकडे वर येतात. घाटावरची बाई गारव्यासाठी घाट उतरून गेल्याचं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. गल्लीत हशा पिकला. कठड्यावरच्या एकानं बाबांना विचारलं, "काय भौ, वहिनी स्वेटर घेऊन गेल्या का?" त्या दिवसापासून बाबांनी फिरायला जाणंच सोडलं. मी डबा घेऊन जायचे तेव्हा ते घामानं निथळत बसलेले असायचे आणि वर मलाच सांगायचे, "काय झकास हवा सुटली आज." बाहेर पानही हलत नसायचं. मी डबा ठेवून परत यायचे.

शेवटी एका सकाळी तेच आमच्या दारात आले. अंगात धुतलेला सदरा. "चाल, तुह्या आईले घेऊन येऊ."

एसटी घाट उतरायला लागली तशा खिडकीतून गरम झळा यायला लागल्या. बाबांना तेवढ्यातही हुरूप आला. "पाह्य, आहे न फरक?" मी तोंड फिरवून बसले.

मामाच्या घरी खिडकीला भला मोठा पत्र्याचा कुलर, त्याला वाळ्याच्या ताट्या, खोलीभर ओला वास. समोर आई, केस मोकळे सोडलेले, हातात टरबुजाची फोड. इतकी टवटवीत मी तिला कित्येक उन्हाळ्यांत पाहिली नव्हती. मामा भारी खट्याळ. "या दाजी, थंडी हवा खायले आले का?" बाबा हसले नाहीत. त्यांनी खुर्ची मुद्दाम वाऱ्याबाहेर ओढली आणि दाराशी घाम पुसत बसले.

"चाल घरी," ते आईला म्हणाले.

"कुलर घेतला का?"

"नाई."

"मंग मी येत नाई. मरायचंच असन तर इथी मरतो, थंड्यानं तरी मरीन."

मग मीच तोंड सोडलं. "बाबा, त्या दिवशी काही बरंवाईट झालं असतं म्हणजे? त्या कुलरशी तुमचं एवढं वैर तरी काय आहे?"

तेव्हा बाबांनी जे सांगितलं त्यातलं शेवटचं आईलासुद्धा ठाऊक नव्हतं. लहानपणी इथं खामगावात दर उन्हाळ्यात आईचा घोळणा फुटायचा, नाकातून भळभळा रक्त यायचं. म्हणून तिच्या वडिलांनी, माझ्या आजोबांनी, घाटावरचंच स्थळ धरून ठेवलं. बाबांची नोकरी तेव्हा कच्ची, घर भाड्याचं. त्यांच्यापेक्षा बरी स्थळं नाकारून आजोबांनी मुलगी दिली ती तिथल्या थंड हवेला. "मांडवात त्यायचा हात धरून मी शबद देल्ला," बाबा म्हणाले, "का तुमच्या पोरीले उन्हाळा लागू देनार नाई. आता कुलर आनला म्हंजे मी त्यायले खोटाच पडलो न?" मला त्यांचा रागही आला आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं.

आईनं फोड ताटलीत ठेवली आणि हात पदराला पुसले.

"माहा बाप कधीचाच गेला," ती म्हणाली. "तो काई पाहाले येत नाई. मी जित्ती आहो. गरम मले होते."

काहीतरी नवीनच कळल्यासारखं बाबांनी हळूच विचारलं, "लय होते का वं?"

"हाव," आई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "एवढं इचाराले तुमाले घाट उतरून या लागलं."