कागदावर पडीक

ताईला शेतीखात्याच्या फॉर्मची भाषा कधी कळली नाही, आणि कळून घ्यायची गरजही पडली नाही, कारण तिचा धाकटा भाऊ त्याच खात्यात कारकून होता. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा. ताईनंच त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःचं मात्र राहूनच गेलं. दर वर्षी अनुदानाच्या दिवसांत तो कागदांचा गठ्ठा घेऊन यायचा, पेन्सिलीनं फुल्या मारायचा, आणि ती फुली दिसेल तिथं सही करायची. शेजारीण म्हणायची, "अगं, वाचून तरी बघ."

"माझ्या हातचं वाढलेलं पोर ते. त्याचं काय वाचायचं?"

घ्या! कागद राहू द्या, पोर तरी वाचायचं होतं.

यंदा तिचा वाटाणा असा काही लागला होता की बघत राहावं. त्यामुळे तपासणीचे साहेब फाटकाशी आले तेव्हा बाई नुसती फुलून गेली. चांगलं पीक बघायलाच आलेत असं वाटून तिनं त्यांना बूट चिखलात रुतेस्तोवर बांधाबांधानं फिरवलं, शेंगा सोलून हातावर ठेवल्या. बिचाऱ्या साहेबांना बोलायला फटच मिळेना. शेवटी त्यांनी कागद पुढं केला.

"बाई, ही जमीन पडीक आहे."

"कुठली?"

"हीच. मातीला विसावा म्हणून दहा वर्षं इथं काही पेरायचं नाही, असा करार आहे. दोन वर्षं झाली, त्याचं अनुदान तुमच्या नावानं खात्यावर जमा होतंय."

ताईनं कागद डोळ्यांजवळ धरला. सही तिचीच होती. पैसे जमा होण्याचं खातं भावाचं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. 

साहेबांनी फोन केला तसा भाऊ स्कूटरवरून आला, पांढराफटक पडलेला. त्याचा चेहरा बघून ताईला भयंकर राग आला आणि दयाही आली. आपलेच दात, आपलेच ओठ. तिनं मनाशी ठरवलं, सांगून टाकायचं की चूक माझी, याला काही ठाऊक नव्हतं. शेत गेलं तर गेलं, याची नोकरी वाचू दे. ती तोंड उघडणार, तेवढ्यात तोच साहेबांना म्हणाला, "मी सगळं वाचून दाखवलं होतं हो. हल्ली हिच्या काही ध्यानात राहत नाही." आणि कपाळाशी बोट फिरवलं.

त्या कागदापेक्षा ते बोट तिला जास्त लागलं.

"लिहून घ्या साहेब," ती म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. कुठल्या साली, कुठल्या वारी, ओसरीत कोण कुठं बसलं होतं आणि कोण काय म्हणालं. एक अक्षर चुकलं नाही. भाऊ मध्ये दोनदा "ताई" म्हणाला. तिनं मान वळवली नाही.

त्याची नोकरी गेली. पण सही ती सही आणि करार तो करार, तिथं खात्यातलं कुणी ऐकून घेईना. पुढच्या आठवड्यात खात्यानं धाडलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं शेंगांनी भरलेल्या वाटाण्यावरून नांगर फिरवला, आणि ताई फाटकाशी उभी राहून बघत होती. कराराची अजून आठ वर्षं बाकी आहेत. ताई आज सदुसष्ट वर्षांची आहे.