खळ्यावर वळलेली गाडी

बारावीच्या परीक्षेचं केंद्र भिवंडीला आलं आणि माझ्या वडिलांनी पहिल्यांदा मला लाल गाडीच्या दाराला लटकताना पाहिलं. त्याआधी ते फक्त ऐकून होते. आमचं गाव अंबाडी नाक्यापासून आत, कच्च्या रस्त्यानं तासभर चालत. शाळा अंबाडीला होती, तिथवर चालायची आम्हा पोरींना सवय होती. भिवंडीला जायचं म्हणजे मात्र नाक्यावर उभं राहून वाड्याकडून येणाऱ्या गाडीची वाट बघायची. ती गाडी अंबाडीला पोचायच्या आधीच भरलेली असायची. नाक्यावरची गर्दी बघून ड्रायव्हर थांब्यावर गाडी उभी करायचाच नाही. पार पुढं, पिंपळाच्या झाडाशी नेऊन दोन माणसं उतरवायचा, आणि तेवढ्यात आम्ही टोपल्या, दप्तरं, लेकरं घेऊन मागून पळत सुटायचो. त्याची तरी काय चूक? आत पाय ठेवायला जागा नाही, मधल्या वाटेत दुधाचे कॅन, आणि प्रत्येक नाक्यावर हात करणारी पन्नास माणसं. कंडक्टर तर तिकिटं फाडत पुढून मागं जायला निघाला की भिवंडीपर्यंत मागं पोचायचाच नाही.

परीक्षेच्या त्या दिवशी मी एक पाय पायरीवर आणि एक हवेत, अशी गेले. पेपर चांगला गेला. घरी आल्यावर वडील म्हणाले, "दाराला लटकून शिकायचं न्हाय. गावात गाडी आली तर कॉलेज. नायतर बारावी पुष्कळ झाली."

वडील शब्दाचे पक्के. ते भिवंडीत कामतघरला कापडाच्या लूमवर कामाला, तिथंच चाळीत चौघांत एक खोली, आणि शुक्रवारी लूम बंद म्हणून शुक्रवारी घरी. आमच्या घरात त्यांच्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं, तेच सातवीपर्यंत गेलेले. शिकू नको असं ते कधीच म्हणाले नाहीत. पण गावात गाडी येणं म्हणजे काय, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. गावानं डेपोत अर्ज दिलेले मी लहान असल्यापासून ऐकत होते.

आणि त्याच वर्षी मे महिन्यात, एका शुक्रवारी, वडील अंबाडीपासून जवळजवळ धावतच घरी आले.

"गाडी येतेय! साहेब येनार हाय बघायला. चाचणी फेरी!"

झालं असं होतं की रस्त्यावर खडी पडली होती, मोऱ्या बांधून झाल्या होत्या, आणि डेपोतल्या साहेबांनी निरोप दिला होता: रिकामी गाडी घेऊन येतो. गावात ती एका दमात वळली, तर रोज सकाळ-संध्याकाळ फेरी सुरू. मागं-पुढं करत वळवायची जागा चालणार नाही, मागं लेकरं खेळत असतात, एखादं चाकाखाली यायचं.

म्हणजे माझं कॉलेज आता एका वळणावर आलं होतं. प्रवेशाचे दिवस जूनमध्ये. मी रोज सकाळी उठून तो रस्ता बघत बसायचे, जणू नजरेनं तो रुंद होणार होता.

गावात एवढी मोठी मोकळी जागा एकच होती. गावात शिरताना पहिल्यांदा आमची बुद्धवाडी लागते, तिच्या समोर एका शेतकरी काकांचं भात झोडायचं खळं होतं. काका मोठे जमीनवाले, तोंडानं फटकळ. पण त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "वळू दे गाडी माझ्या खळ्यात. हिवाळ्यात भात झोडीन, बाकी वर्षभर गाडी फिरू दे. माझं काय जातंय?"

मग सगळं गाव त्या जागेच्या तयारीला लागलं. आणि आम्ही ती जागा अशी तयार केली, की आजही आठवलं की हसू येतं. जागा सपाट करायची, एवढं साहेबांनी सांगितलं होतं. सपाट जागा कशी करायची हे आम्हाला एकाच पद्धतीनं ठाऊक होतं. आम्ही वीतभर माती खणली, ढेकळं फोडली, दोन दिवस विहिरीचं पाणी ओतलं, बायकांनी ओळीनं बसून लाकडी चोपण्यांनी ती चोपली, आणि वर शेणानं सारवली. मीसुद्धा सारवलं, कोपरापर्यंत हात भरवून. काकी, म्हणजे त्या काकांची बायको, माझ्या शेजारी बसून चोपत होत्या.

"काय गो, कालेजात जाऊन काय वकील व्हनार?"

"बघू काकी. मास्तरीण तरी होईन."

"मंग नीट सारव. तुझ्याच गारीचा उंबरा हाय ह्यो."

चाचणीच्या सकाळी ती जागा अशी देखणी दिसत होती की तिच्यावर पाय ठेवायला जीव होईना. कुणीतरी कडेनं रांगोळीसुद्धा काढली. रस्त्यावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. पोरं आंब्यावर चढून बसली होती. बायकांनी ताटात कुंकू, नारळ, झेंडूचा हार काढून ठेवला.

"आली! गारी आली!"

वळणावर आधी धूळ दिसली, मग लाल टप. गाडी दिमाखात आली आणि तोरण टपावरच्या शिडीत अडकवून घेऊनच आत शिरली. सगळे टाळ्या वाजवायला लागले. पुढच्या सीटवर साहेब, पांढरीशुभ्र पँट. ड्रायव्हरनं काच खाली करून हार घेतला, नारळ फुटला, आणि त्यानं स्टिअरिंग वळवायला सुरुवात केली.

पुढची चाकं खळ्यावर गोल फिरली. अगदी लोण्यावरून फिरावीत तशी. अर्धं वळण झालं, पाऊण झालं, आणि मागचं डावं चाक खाली गेलं. हळूच, आवाजसुद्धा न करता. वरून वाळलेलं, सारवलेलं, आणि खाली आमच्या दोन दिवसांच्या पाण्याचा चिखल. ड्रायव्हरनं जोर दिला, तसं चाक गरगर फिरून अर्ध्यापर्यंत रुतलं. गाडी एका बाजूला कलली.

मग ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "अरे, ही गाडी वळवायला जागा केली का भात लावायला?"

साहेब खाली उतरले. चपलेनं माती उकरून बघितली, वास घेतला. "शेणानं सारवलंय?"

"सपाट करा म्हनालात ना तुमी," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, आठ-दहा टनांची गाडी आहे ही! इथं मुरूम पाहिजे, खाली दगड पाहिजे. आधी ही बाहेर काढा."

आम्ही पेंढा आणला, फळ्या आणल्या, घराचं एक जुनं दार आणलं. जॅक लावला, तर जॅकच चिखलात बसायला लागला. मग सगळे मागून रेटायला लागले, बुद्धवाडीतले, वरच्या आळीतले, हार घालायला आलेल्या बायका. "हैस्सा!" गाडी गचका खाऊन एकदम बाहेर आली आणि चाकानं उडवलेला शेणाचा चिखल साहेबांच्या पांढऱ्या पँटवर कमरेपर्यंत बसला. पोरं आंब्यावरून हसत सुटली. माझं मात्र हसू तोंडातच राहिलं, कारण साहेब आता बोलणार होते.

काकींनी पाय धुवायला पाण्याची कळशी आणली. साहेब पँट पुसत काकांना म्हणाले, "मुरूम आणि दगड टाकून दाबून घ्या, तर फेरी देतो. नाहीतर गाडी नाक्यावरच थांबेल."

"मुरूम टाकला तर मी भात कुठं झोडू?" काकांचा आवाज चढला. "दगडावर? खळं माझ्या बापाचं हाय."

"तो तुमचा प्रश्न. दोन्ही एका जागी होणार नाही."

आता सगळं गाव काकांकडं बघत होतं, आणि मी वडिलांकडं. वडिलांनी त्या दिवशी खाडा करून घरी मुक्काम केला होता. दुसऱ्याची जागा कशी मागणार? आपल्या पोरीसाठी तर मुळीच नाही. ते पायानं एक ढेकूळ फोडत उभे होते, आणि ते ढेकूळ केव्हाच फुटून गेलं होतं.

बोलल्या त्या काकी. कळशी खाली ठेवून म्हणाल्या, "अवं, भात मागच्या माळावर झोडू. भात दोन म्हयने, गारी बाराही म्हयने."

"खळं माझ्या बापाचं, म्हनतोय मी!"

"आन अंबाडीला भाजी डोक्यावरून कोन नेतंय? तुमचा बाप?"

असा हशा उसळला की साहेबसुद्धा तोंड फिरवून हसले. काका लाल झाले. मग त्यांनाही हसू फुटलं. "टाका मुरूम," ते म्हणाले, "पन बैल माझे लागतील, दुसऱ्याच्या बैलाला ह्या जागेत पाऊल टाकू देनार न्हाय."

आणि त्यांनी ते खरं केलं. चिखल उपसून आम्ही ओढ्यातले दगड बसवले, टेकडीचा मुरूम काकांच्याच बैलगाडीनं आणून वर पसरला. रोलर कुठला मिळायला? काकांनी तीच बैलगाडी दगडांनी गच्च भरली, बैल जुंपले आणि ती त्या जागेवर गोल गोल फिरवली, मळणी करतात तशी. सकाळी फिरवली, जेवून परत फिरवली. तोंडानं शिव्या चालूच, साहेबाला, मुरमाला, काकींना. वडील त्या दिवसांत शिफ्ट सुटली की डेपोत जाऊन विचारायचे, "साहेब, जागा झाली. कधी?" उत्तर ठरलेलं: गाड्या कमी आहेत, ड्रायव्हर सुट्टीवर आहेत, बघतो. आणि प्रवेशाचे दिवस संपत आले होते.

मग एका सकाळी मी केसांना तेल लावत होते, तेव्हा हॉर्न ऐकू आला. ना निरोप, ना हार, ना नारळ. मी एका वेणीनिशी बाहेर धावले. लाल गाडी आमच्या दारासमोरून पुढं गेली, मुरमावर चढली, खडखड आवाज करत एका दमात गोल वळली आणि तोंड अंबाडीकडं करून उभी राहिली. एकदाही मागं न घेता! त्याच गाडीतून उतरून वडील दारात आले. रात्रपाळी करून, तारवटलेल्या डोळ्यांनी.

"बघत काय राहिलीस? कागद घे. ही लगेच परत जाते."

"तुम्ही झोपणार ना?"

"झोप गाडीत हाय."

त्या गाडीनं पुढं आम्हाला कमी रडवलं नाही. पावसाळ्यात मोरीवरून पाणी गेलं की ती नाक्यावरूनच परत फिरायची. भिवंडीत शिरताना कापडाचे तागे भरलेले ट्रक आडवे लागले की सगळं गणित बिघडायचं, आणि कंडक्टर स्वतः उतरून ट्रकवाल्यांना हिंदीत ओरडून वाट मोकळी करायचा: "अरे भाईजान, थोडा पीछे लो, बच्चों का पेपर है!" बॅटरी बसली की आम्ही कॉलेजच्या पोरी साड्या खोचून धक्का मारायचो. खिडक्यांच्या काचा वर जायच्या नाहीत, गेल्या तर खाली यायच्या नाहीत. तरी ते ड्रायव्हर-कंडक्टर, ज्यांची नावंसुद्धा मी कधी विचारली नाहीत, मी दिसले नाही तर गाडी क्षणभर थांबवून हॉर्न द्यायचे. पुढं मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली, त्यात त्या हॉर्नचा वाटा मोठा आहे.

पण तो पहिला दिवस! गाडीत आम्ही पंधरा-वीस माणसं आणि बसायला जागाच जागा. काकींनी खिडकी पकडली, भेंडीची टोपली पायाशी ठेवली आणि मला शेजारी ओढलं. वडील मागच्या सीटवर बसल्या बसल्या झोपले. अंबाडी नाक्यावर लोक नेहमीप्रमाणे पुढं पिंपळाकडं पळायच्या तयारीत उभे होते. गाडी थांब्यावरच थांबली, तेव्हा त्यांना काय करावं सुचेना. काकी खिडकीतून ओरडल्या, "चढा, चढा! आमच्या गावची गारी हाय!"

कॉलेजच्या ऑफिसात खिडकीपलीकडच्या बाईंनी माझे कागद बघितले, गावाचं नाव वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "अंबाडीच्याही आत? रोज येणं जमेल का? मागच्या वर्षी तिकडच्या दोन मुली दिवाळीपर्यंतही टिकल्या नाहीत."

मी तोंड उघडायच्या आत मागून वडील बोलले. झोपेनं आवाज घोगरा झाला होता, पण सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

"आमच्या गावात गाडी येते, म्याडम," ते म्हणाले. "येते आणि वळते पन."

बाईंनी शिक्का मारला.