भिजल्या गव्हाचा पंचनामा

महामायाबाई तायडे यांच्या हाती कोणी कागद दिला, की त्या प्रथम त्याचा वरचा कोपरा पाहत. जावक क्रमांक, दिनांक, मग खालची सही. मजकूर त्यांच्या लेखी सर्वांत शेवटी. जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आवळखेडच्या त्या पोलीस पाटील. वय अठ्ठेचाळीस, अंगकाठी कृश, आवाज मृदू. पद लहान, मानधन त्याहून लहान. परंतु गावात मारामारी झाली, अपघात झाला, कोणी अनोळखी मरून पडला, की पहिला शब्द पोलीस पाटलाचा घेतला जातो आणि पुढचे सारे कागद त्या शब्दावर उभे राहतात. बारा वर्षे हा शब्द त्यांनी जपून वापरला होता. परीक्षा देऊन त्या या पदावर आल्या तेव्हा काही जाणत्यांनी नाके मुरडली. बौद्धवाड्यातली बाई आपल्याला काय सांगणार, असा तो सूर. पुढे त्याच घरांतल्या सुना, नवऱ्याने हात उचलला की प्रथम त्यांच्याच ओसरीवर येऊ लागल्या.

त्या वर्षीच्या जुलैत डोंगरात असे पाणी कोसळले, की नदीने पात्र सोडून खालची वस्ती पोटात घेतली. माणसे वेळेत उंचावरच्या शाळेत पोहोचली म्हणून वाचली. घरे, शेळ्या, चुली, धान्याच्या कोठ्या यांतले काही उरले नाही. पूल खचला, वीज गेली. टेकडीवर चढले तरच फोनला क्वचित आवाज येई. तेथूनच महामायाबाईंनी तलाठ्यांना कळवले, की रेशनच्या गोदामाची मागची भिंत पडली आहे आणि गहू भिजला आहे. उत्तर आले, ‘‘रस्ता झाला की येतो. पंचनामा होईपर्यंत एक पोतं हलता कामा नये.’’

आदेश स्पष्ट होता. दुसऱ्या दिवशी वस्तीतली सोजराबाई बादली घेऊन गोदामाशी आली, तेव्हा महामायाबाईंनीच तिला परत पाठवले. ‘‘मावशी, साहेबाले येऊ द्या.’’ सोजराबाई रिकामी बादली घेऊन वळली. बाईंनी आपले कर्तव्य केले होते. तरीही त्या दुपारी त्यांना घास गेला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गोदामाकडून आरडाओरडा ऐकू आला. त्या पोहोचल्या, तेव्हा पडक्या भिंतीसमोर वस्तीतली तीस-पस्तीस माणसे उभी होती. कोणाच्या हाती घमेले, कोणाच्या हाती लुगड्याची झोळी. विटांच्या ढिगावर भगवंतराव उभे होते आणि त्यांच्या हातात बंदूक होती.

भगवंतराव रेशन दुकानाचे चालक. बंदूक परवान्याची, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी घेतलेली. हा मनुष्य दुष्ट नव्हता, हे सांगितलेच पाहिजे. दोन दिवस त्यांच्या घरच्या भाकऱ्या शाळेत गेल्या होत्या, पीठ संपले तेव्हाच थांबल्या. परंतु गोदामातला गहू सरकारचा होता. त्यात तूट निघाली तर दुकान जाणार आणि तीस वर्षांच्या नावाला बट्टा लागणार, या भयाने ते तीन दिवस झोपले नव्हते. त्यातच दोन पोती नाहीशी झाली होती.

‘‘पाटीलबाई, आल्या बरं झालं,’’ ते म्हणाले. ‘‘तुमी फक्त सांगा, हे लुटारू हायेत. एवढंच सांगा. पुढचं मी पाह्यतो.’’

पुतण्या कुलदीप शेजारी मोबाइल उंचावून उभा होता. ‘‘आदेशच आला हाये! पुरात लुटालूट करताना दिसला, की गोळी घाला. टेकडीवर गेलो तवा मेसेज पडला.’’

महामायाबाईंनी मोबाइल हातात घेतला आणि सवयीने वरचा कोपरा पाहिला. ‘‘याले जावक क्रमांक नाही, कुलदीप. तारीख नाही. सही कोनाची?’’

‘‘एवढ्या संकटात नंबर कोन पाह्यते, काकू?’’

‘‘मानूस मेल्यावर त्याच्या कागदावर नंबर पडते, बाबू. तो कागद मले लिहा लागते.’’

गर्दीतून सोजराबाई पुढे आली. सत्तरीची, अंगावर तेच तीन दिवसांचे लुगडे. ‘‘मार ना बा भगवंता, मार! पोट असं रिकामं हाये, की गोळी लागली त डब्यावानी वाजन मी.’’ कोणीतरी हसले. हसणे तिथेच विरले, कारण म्हातारी खरोखरच पोत्याकडे चालू लागली होती आणि बंदुकीची नळी तिच्यामागे सरकत होती.

‘‘सोजराबाई, मागं हो! देवाशपथ सांगतो!’’ भगवंतरावांचा आवाज फाटला.

आपल्याकडच्या धर्मचिंतकांनी ज्याला मारणे पाप नाही असा आततायी कोणाला म्हणावे, याचा प्राचीन काळी पुष्कळ ऊहापोह केला. घर जाळणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून येणारा, धन हरण करणारा. महामायाबाईंनी ती चर्चा वाचली नव्हती. परंतु बालपणापासून विहारात त्या पंचशील म्हणत आल्या होत्या. त्यातले पहिले शील प्राणघातापासून दूर राहण्याचे, दुसरे न दिलेले न घेण्याचे. त्या क्षणी दोन्ही शीले त्या पडक्या भिंतीशी समोरासमोर उभी होती. पहिले शील पहिले का, हे त्यांना तेव्हा उमगले. घेतलेले धान्य परत देता येते.

त्या बंदुकीकडे गेल्या नाहीत. सोजराबाईला मागे टाकून त्या पोत्याशी पोहोचल्या, उसवलेल्या तोंडातून कोपरापर्यंत हात आत घातला आणि झटक्याने बाहेर काढला. मुठीत गहू होता. फुगलेला, काही दाण्यांना पांढरे मोड फुटलेले. त्या विटांच्या ढिगावर चढल्या आणि मूठ पुढे केली.

‘‘भाऊ, हात लावून पाहा.’’

‘‘आता काय पाह्याचं?’’

‘‘तुमी शेतकरी हायेत. पाहा त खरं.’’

गहू घ्यायला एक हात मोकळा करावा लागतो. भगवंतरावांनी बंदूक डाव्या काखेत घेतली, नळी जमिनीकडे झुकली, आणि उजव्या तळव्यावर दाणे पडले. ते गरम होते. त्यांनी नाकाशी नेले, आंबूस वास घेतला. जन्मभर धान्य हाताळलेला मनुष्य. त्याला अधिक सांगावे लागले नाही.

‘‘आतून तापून राह्यला,’’ ते पुटपुटले. ‘‘उद्या याले ढोरं बी तोंड लावनार नाहीत.’’ मग एकाएकी त्यांचे डोळे भरून आले. ‘‘पन साहेबाले मी काय दाखवू? खाली गोदाम? मले चोर म्हनतीन ते!’’

त्या दिवशी चोर ठरण्याचे भय ढिगाच्या दोन्ही बाजूंना होते.

‘‘पंचनामा दाखवू,’’ महामायाबाई म्हणाल्या. ‘‘आपन करू. आत्ता.’’

‘‘तलाठ्याबिगर?’’

‘‘भिंत कशी पडली, गहू कसा हाये, ते डोळ्यानं दिसते. त्याले पाहनारे पंच पाह्यजेत. ते हे उभे हायेत.’’ त्यांनी गर्दीकडे हात केला. ‘‘जाब मी देईन. माया सहीनं होईल.’’

सोजराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘‘मी पंच? आत्ता त मी लुटारू होतो ना वं!’’

‘‘मी तसं म्हटलं नाही, मावशी. काल मात्र उगाच वापस धाडलं तुमाले. ते चुकलं मायं.’’

वही आली. महामायाबाई मोठ्याने वाचत लिहू लागल्या : भिंतीची लांबी, पाण्याची खूण, पोत्यांची अवस्था. ‘दोन पोती आढळून आली नाहीत’ या वाक्याशी त्या थांबल्या आणि मान वर केली. ‘‘हे बी लिहा लागनार. खोटं एक अक्षर असलं, त सारा कागद वाया.’’

 मग मागून महादेवराव नावाचा मजूर पुढे आला. ‘‘एक पोतं मी नेलं. पोराबाळाले चारलं. दुसऱ्याचं मले माहीत नाही.’’

सर्वांची दृष्टी भगवंतरावांच्या काखेतल्या बंदुकीकडे वळली. ते बराच वेळ महादेवरावांकडे पाहत राहिले. नंतर त्यांनी बंदूक उघडून काडतूस काढले, खिशात टाकले आणि बंदूक पुतण्याच्या हाती दिली. ‘‘घरी ठेवून ये बे. अन् येताना ताडपत्री आन.’’ मग महादेवरावांना म्हणाले, ‘‘चाल, तू बी सही कर.’’

‘‘त्याले पंच होता येत नाही,’’ महामायाबाईंनी ठामपणे सांगितले. ‘‘त्याचा जबाब वेगळा लिहितो. पोते उचलाले मात्र येते त्याले.’’ या वेळी हसणे विरले नाही.

पाच जणांच्या सह्या-अंगठे झाले. त्यात कुलदीपचीही सही होती; ताडपत्री टाकल्यावर तो आपणहून पुढे आला. वरच्या थरांतला बरा गहू शाळेच्या वऱ्हांड्यात, विहारात आणि मारुतीच्या सभामंडपात पसरला. दुपारी शाळेच्या मोठ्या पातेल्यात घुगऱ्या शिजल्या. पहिली वाटी महामायाबाईंनी सोजराबाईच्या हाती दिली. सोजराबाईने चाखून सांगितले, ‘‘मीठ कमी हाये. लिहा पंचनाम्यात.’’

पाचव्या दिवशी तलाठी ट्रॅक्टरवर बसून आले. तीन पाने त्यांनी उभ्याउभ्या वाचली. ‘‘हा अधिकार तुम्हाला कोणी दिला?’’ असे विचारले खरे, परंतु तसे विचारताना आवाज चढला नाही. त्यांनी एकेका पंचाला बोलावले. ‘‘आजी, गहू खराब झाल्याचं तुम्ही स्वतः पाहिलं?’’

‘‘पाह्यलं बी अन् खाल्लं बी,’’ सोजराबाई म्हणाली.

तलाठ्यांनी तो कागद आपल्या अहवालाला जोडला. महिन्याभराने महामायाबाईंना खुलासा मागणारे पत्र आले. त्याला मात्र जावक क्रमांक होता. त्यांनी घडले ते सारे लिहिले, स्वतःची दुसऱ्या दिवशीची चूकही लिहिली. तो खुलासा तहसिलात द्यायला भगवंतराव आपण होऊन त्यांच्यासोबत निघाले. पूल अजून व्हायचा होता. एसटीसाठी दोघांना नदीपलीकडे पायी जावे लागले.

वाटेत ते म्हणाले, ‘‘पाटीलबाई, एक सांगू? त्या दिवशी तुमी ‘हाव, लुटारू हायेत’ म्हटलं असतं, त मी गोळी घातली असती. सोजराबाईले. मायच्या वयाची बाई ती.’’

‘‘मले माहीत होतं, भाऊ.’’

 वाळूतून चालताना भगवंतरावांना दम लागत होता. महामायाबाईंनी आपली चाल मंद केली आणि पलीकडच्या काठाशी ओली दरड आली तेव्हा त्यांना आधाराला हात दिला.