मॉनिटर येण्याआधीची चौकशी

आमच्या शेजारच्या टीचरइतकं संशयी माणूस मालवणच्या बंदरापासून आंबोलीच्या घाटापर्यंत दुसरं सापडणार नाही. आणि सापडलंच, तर ते खरोखरीच संशयी आहे की नुसतं सोंग करतंय, असा संशय टीचरना लगेच येईल. आयुष्यभर त्यांनी शाळेत गणित शिकवलं. उत्तर बरोबर आलं की त्या त्या पोराकडे जास्तच रोखून बघत, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. निवृत्तीनंतर ती नजर बाजाराकडे वळली. सुरमई घेताना त्या आधी कल्ले उचलून बघतात, मग विकणारीचा चेहरा बघतात, आणि चेहरा फारच हसरा असेल तर दुसरीकडून बांगडे घेऊन घरी येतात. चर्चची घंटा वाजली की मनगटावरचं घड्याळ बघतात, आणि मग कुंपणापलीकडून माझ्या बायकोला विचारतात, "तुमच्याकडे किती वाजले गो?" अनोळखी माणसाशी त्या अगदी छापील मराठीत बोलतात. माणूस पारखून झाला की मगच मालवणी सुरू होते. माझ्या बाबतीत याला दोन पावसाळे लागले.

अशा बाईंना त्यांच्या मुलाने कॅनडाहून फोनवर सुचवलं, "ममा, एकटी राहतेस, एखादा कुत्रा पाळ." टीचरनी फोन ठेवला आणि थेट आमच्या पडवीत आल्या.

"तो असा कित्याक म्हणता रे?"

"काळजी वाटत असेल."

"काळजी नाय. ह्या वर्साय येवचो नाय तो. म्हणान आपल्या जाग्यावर कुत्रो बसयता."

हे त्या हसत हसत बोलल्या, पण बसल्या नाहीत.

तरी कुत्र्याचा विषय त्यांच्या डोक्यातून जाईना. मला सोबत घेऊन त्यांनी कणकवलीला एका गुरांच्या डॉक्टरांना गाठलं. "रेबीजची लस आपण फ्रिजमध्येच ठेवता ना? आणि लाईट गेल्यावर?" बिचारे डॉक्टर इन्व्हर्टर दाखवायला उठले. मग जंतांचं औषध, पावसाळ्यातले गोचीड, माशाचा काटा घशात अडकला तर काय करायचं, सगळं विचारून झालं. शेवटी, "आपल्या घरी कुत्रा आहे?" डॉक्टर म्हणाले, "नाही, मांजर आहे." परतीच्या एसटीत टीचर माझ्या कानाशी पुटपुटल्या, "मांजर पाळता आणि कुत्र्यांका सुयो टोचता. लक्ष ठेवूक होया."

मुलाने गोव्याहून लॅब्राडोर पाठवायची तयारी दाखवली, फोटोही धाडला. टीचरनी तो बोटांनी मोठा करून बघितला. "हो कुत्रो हसता कित्याक? उद्या चोराकडे बघूनय असोच हसतलो." लॅब्राडोर तिथेच बाद झाला. शिवाय एवढं दांडगं जनावर पावसात चिखलातून ओढत निघालं तर आपण मागून धावायचं की आडवं पडायचं, असं त्यांनी मला विचारलं. म्हापशाला बहिणीकडे गेल्यावर त्याला जेवण कोण घालणार, हेही विचारलं.

आणि एका संध्याकाळी खरा प्रश्न आला. त्या माझ्यासमोर उभ्या राहून मला निरखू लागल्या.

"तुका जिनो चढताना दम लागता काय रे?"

"नाही. का?"

"साखर आसा? बदली होवची आसा?"

मी दोन्ही नाकारलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "कुत्रो बारा-पंधरा वर्सा जगता. माझा वय बघ. माझ्या मागसून तेका कोण बघतला?"

मी तोंड उघडायच्या आत माझी बायको आतून म्हणाली, "मी बघीन, टीचर."

टीचरनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तू बघतलंस. ह्येचा काय सांगूक येना नाय," असं माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, आणि कुत्र्याचं पक्कं झालं.

मिठबावला एका आंब्याच्या बागेत गावठी कुत्रीला पिल्लं झाली होती. तिथे आम्ही गेलो. शेपूट हलवत धावत आलेली पिल्लं 'फार लाघवी' म्हणून नापास झाली. एक तपकिरी पिल्लू मात्र लांब झाडाच्या बुंध्याला टेकून टीचरना न्याहाळत होतं. टीचर त्याला न्याहाळत राहिल्या. दोघांपैकी कुणीच हलेना. शेवटी टीचर म्हणाल्या, "हो बरो." त्याचं नाव मॉनिटर ठेवलं.

सुरुवातीला त्याच्याशीही छापील मराठीच. "मॉनिटर, आपण पायपुसण्यावर बसावं." तोही काटे काढलेला बांगडा-भात आधी चहूबाजूंनी हुंगून मगच तोंडात घेई. पहिल्या लशीच्या दिवशी मात्र सुई लागताच तो केकाटला, आणि टीचरनी त्याला डॉक्टरांच्या हातातून ओढून उराशी धरलं. "रडा नको रे बाबा, झाला, झाला!" तेव्हापासून त्या घरात मालवणी सुरू झाली.

नाताळात मुलगा आला. मॉनिटरने त्याला गेटच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. "ममा, याला आवर!" तो बाहेरून ओरडला. टीचर पायरीवर आल्या. मुलाच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. त्या बघतच राहिल्या. मग खाली बसून त्यांनी कुत्र्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "आपलोच आसा रे तो. माझो झील. लांबसून इलो." मॉनिटरची गुरगुर कमी झाली, पण थांबली नाही. मुलगा रस्त्यावरच बॅगेवर बसला. "बघू दे त्याला नीट," म्हणाला. आतून जेवणाचा वास येत होता, आणि तिघेही कितीतरी वेळ तसेच बसून होते.

सुट्टी संपून निघताना त्याने मला बाजूला घेतलं. "पुढच्या वर्षी रजा मिळणं कठीण आहे. ममाला इतक्यात सांगू नका," म्हणाला.

गाडी वळणाआड गेली तसं टीचरनी गेट लावलं आणि मॉनिटरला घेऊन आमच्या दारावरून समुद्राकडे निघाल्या. जाता जाता थांबल्या.

"झील फुडच्या नाताळाक येतलंय म्हणालो."

मी पुढच्या 'पण'ची वाट बघत राहिलो. तो 'पण' आला नाही.

"खरा वाटता माका," त्या म्हणाल्या, आणि चालू लागल्या. मॉनिटर मात्र दोरी ताणून मागे थांबला आणि कितीतरी वेळ माझ्याकडे टक लावून बघत राहिला.