कोयी गाईच्या, दोर दातांत

देवगाव रंगारीहून आमच्याकडं शहरात राहायला आल्यापासून माझ्या सासूबाईंनी, दगडाबाईंनी, स्वयंपाकघरातलं एकच काम हट्टानं स्वतःकडं ठेवलंय. आमरसासाठी आंबे पिळायचं. डॉक्टरांनी शुगरपायी त्यांना आंबा बंद केलाय, आणि रसाच्या वाटीकडं त्या ढुंकूनही पाहत नाहीत.

"मिक्सरच्या रसाला चव नसती," म्हणत परात घेऊन बसतात. पण डझनभर केशर आंब्यांचा रस निघतो जेमतेम चार वाट्या! निम्मा गर कोयींनाच. मी बोलले, की म्हणतात, "गाईच्या तोंडीबी कायतरी लागू दे की, बाई." मग कोयींचं पातेलं पदराखाली झाकून, गल्लीतल्या गाईला द्यायला म्हणून खाली जातात. बऱ्याच वेळानं येतात, तेव्हा हनुवटीवर पिवळा ओघळ. विचारलं, तर म्हणे गाईनं चाटलं. आणि दातांत अडकलेले कोयीचे दोर काय गाईनं ओवले?

परवा माझं डोकंच फिरलं. त्या आंघोळीला गेल्या तेवढ्यात मी सुरीनं सगळे आंबे कापले, कोयी चमच्यानं पांढऱ्या होईस्तोवर खरवडल्या आणि पातेलं त्यांच्या हाती दिलं.

"घ्या आत्याबाई, गाईला."

त्यांनी पातेल्यात पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि खाली गेल्या. लगेच परत आल्या. पातेलं जसंच्या तसं.

"काय झालं? गाय नव्हती?"

"व्हती की," पातेलं ओट्यावर आदळत त्या म्हणाल्या. "असल्या कोयींना तोंड नाय लावत ती. तिलाबी इज्जत हाय!"