न बोलावता आलेली सावड

आमच्या तिकोणा पेठेत भाताची आवणी सावडीनं होते. आज तुम्ही आमच्या खाचरात रोपं लावा, उद्या आम्ही तुमच्या. म्हणून गेल्या पावसाळ्यात शेजारची मावशी न बोलावता आमच्या खाचरात उतरली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. तिनं तर आपली सगळी जमीन बंगलेवाल्यांना विकलेली. मग ही सावड ती फेडून घेणार कशात? आमच्या वाटेवर डोळा असेल, नाहीतर बांधालगतचा तुकडा हवा असेल. फुकट कंबर मोडून घ्यायला कोण येतं? दिवसभर मी रोपांपेक्षा तिच्याकडंच जास्त बघत होतो.

संध्याकाळी राहवलं नाही. विचारलंच, "मावशी, खरं सांगा, तुमाला काय पायजे?"

"काय न्हाई रं," ती म्हणाली.

हे तर मला आणखीच खटकलं. ओढ्यावर आम्ही सगळे पाय धुवायला थांबलो. ती थांबली नाही. मी नजर ठेवूनच होतो. तिच्या नव्या घरातल्या चकचकीत फरशीवर ती कुणाला चपला घालून येऊ देत नाही. त्याच फरशीवरून ती चिखलाच्या पायांनी आत गेली.