धाकटीला मारायचं राहून गेलं

थोरली जाऊ दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची आणि उरलेल्या वेळात कागदावर माणसं मारायची. साप्ताहिकात तिच्या रहस्यकथा वर्षानुवर्षं येत होत्या. कुलूप, किल्ली, विषाचा पेला, कोण कधी कुठे होतं, सगळं चोख. "चूक काढून दाखवा," असं ती संपादकांना छातीठोकपणे सांगायची.

मग धाकट्या जावेनं लिहायला घेतलं. "ताई, तुमचं बघून हुरूप आला हो," म्हणत पहिली कथा तिनं थोरलीलाच दाखवली. त्यात खुनी एकाच वेळी गच्चीवरही होता आणि बाजारातही. थोरलीनं त्या चुकीबद्दल अवाक्षर काढलं नाही. "छान आहे. दे पाठवून," म्हणाली. होऊ दे फजिती.

कथा छापून आली. गच्चीची चूक कुणाच्या लक्षातही आली नाही. वाचक वेडे झाले ते खुनाचा शोध लावणाऱ्या बाईपायी. ही बाई घरातून निघताना गॅस पुन्हापुन्हा बघायची, कुणी काही सांगू लागलं की "बरं, पुढे?" म्हणून भुवई उडवायची, आणि कुणाचं कौतुक करायची वेळ आली की तिला हटकून खोकला यायचा. संपादकांनी धाकटीकडे आणखी कथा मागितल्या. थोरलीची कथा मागच्या पानावर, जाहिरातींच्या शेजारी गेली. तिचा नुसता जळफळाट झाला.

एका सकाळी दवाखान्यात गाल सुजलेला एक पेशंट तोच अंक वाचताना हसायला लागला. हसायचा, कळवळून गाल धरायचा, पुन्हा हसायचा. डॉक्टरीणबाईंनी अंक घेऊन चार ओळी वाचल्या आणि थोरलीकडे बघितलं.

"अहो, ही तर तुम्हीच!"

"मी?"

"हुबेहूब! छान लिहिलंय ना पण?"

थोरलीला खोकला आला.

घरी जाऊन तिनं धाकटीला धारेवर धरलं. "मीच मिळाले का गं तुला चव्हाट्यावर मांडायला?"

"ताई, तुमच्याइतकं निरखून मी कुणाला बघितलंच नाही हो," धाकटी म्हणाली, आणि ते खरं वाटत होतं म्हणून थोरली आणखीच भडकली.

त्या रविवारी तिनं धाकटीचा खून करायला घेतला. पहिल्याच परिच्छेदात मुडदा पाडायचा होता. पण मेली कोण ते वाचकाला कळायला हवं, म्हणून आधी तिला जरा जिवंत दाखवलं. चपला फटकावत तिचं घरभर हिंडणं, चहावर फुंकर मारत बोलणं, विनोद सांगताना शेवटाआधी स्वतःच हसत सुटणं. पानांमागून पानं भरली. खून राहूनच गेला. शेवटी तिनं दुसऱ्याच कुणाला तरी मारलं.

"या बाईला मारू नका हं कधी," संपादक म्हणाले. तिच्या कथेतल्या कुणाबद्दल त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

कथा पहिल्या पानावर आली. पत्रंही ढिगानं आली, सगळी त्या चपला फटकावणाऱ्या बाईबद्दल. इथेही धाकटीच भाव खाऊन गेली होती. थोरली दातओठ खात एकेक पत्र वाचत होती, आणि धाकटी तिला खेटून बसून म्हणत होती, "ताई, मोठ्यानं वाचा ना!"